हिरडीवरचं बोट

आधी नख कापायचं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं, अगदी मांसालगत, आणि वर नेलकटरच्या कानशीनं कड घासून घ्यायची. मग साबणानं हात धुवायचे आणि टॉवेलला न पुसता हवेवर वाळू द्यायचे. हा हिचा नियम. एकसष्टाव्या वर्षी मला एवढी तयारी करून जे काम मिळालं ते म्हणजे नातीच्या तोंडात बोट धरून बसणं.

ठकी तेव्हा साडेचार महिन्यांची होती. (खरं नाव वेगळं आहे, घरात ठकीच.) मुलीच्या 26 आठवड्यांच्या रजेतले सात बाळंतपणाआधीच खर्ची पडले होते, त्यामुळे ती कामावर रुजू झाली आणि दिवसभर ठकी आम्हा दोघांकडे आली. त्याच सुमारास तिची लाळ सुरू झाली. तशी तीन-चार महिन्यांच्या सगळ्याच बाळांची लाळ वाढते, मुठीही तोंडात जातात. लगेच दात आला असं समजायचं कारण नसतं. पण ठकीची झोप मोडू लागली. दूध प्यायला लागली की चार घोट घेऊन तोंड सोडायची आणि किंचाळायची. चोखताना हिरडीवर ताण येतो आणि ठणका वाढतो, हे आम्हाला नंतर कळलं. त्या आधी दोन दिवस आम्ही दुधालाच दोष देत होतो.

बोट आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती ऊब. मग हिरडी लागते. भिजवून सोललेल्या बदामावरून बोट फिरवावं, तशी गुळगुळीत. खाली पुढच्या बाजूला, मधोमध, दोन ठिकाणी ती किंचित फुगलेली होती आणि उजेडात पाहिलं तर तिथला गुलाबी रंग ताणून पांढरट झालेला. त्या जागी बोट टेकवलं, आणि ठकीनं रडणं अर्ध्यावर टाकून जबडा आवळला. एवढ्याशा जबड्यात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

माझी चूक अशी की मी चोळत होतो. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, तिला मिसरी लावताय का? नुसतं दाबून धरा. चावू दे तिचं तिला."

तेव्हापासून मी बोट हलवत नाही. ठकी स्वतःच डोकं थोडं वळवते, हवी ती जागा बोटाखाली आणते आणि चावते. थांबते. श्वास घेते, पुन्हा चावते. लाळ मनगटापर्यंत येते. दोन-तीन मिनिटांनी जबडा सैल पडला की तिला बाटली द्यायची. ही वेळ साधली तर ती पोटभर पिते. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. मुलगी संध्याकाळी घरी आल्यावर अंगावर पाजायच्या आधीही हाच क्रम. आमची दोन मुलं याच घरात वाढली. त्यांचे दात कधी आले हे मला आठवत नाही, आणि हे हिला पक्कं आठवतं.

बोटाखालोखाल उपयोगाचं म्हणजे पंचा. जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला. त्याचे हातरुमालाएवढे चौकोन कापून उकळून घेतले. एकेक चौकोन ओला करून पिळायचा, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचा. फ्रीजरमध्ये नाही, बर्फासारखा कडक कपडा हिरडीला दुखावतो. गार चौकोनाचं एक टोक तिच्या तोंडात, दुसरं माझ्या मुठीत. ते मुठीतून सुटू द्यायचं नाही. बाजारातल्या टीथरपेक्षा ठकीला हा कपडा आवडला, कारण टीथर तिला धरताच येत नव्हता. पाचव्या महिन्यात मूल वस्तू पकडतं खरं, पण हवी तिथे नेतंच असं नाही. आजोळचा चांदीचा खुळखुळा गारही होता आणि दिसायलाही देखणा. तो तिनं स्वतःच्या कपाळावर आपटून घेतला. शिवाय त्याच्या सांध्याला बारीक चीर दिसली, आतले मणी बाहेर येते तर? खुळखुळा कपाटात गेला.

लाळेरी दिवसाला दहा-अकरा लागत. हनुवटीखाली लाळेनं लाल पुरळ उठतं, म्हणून पुसायचं नाही, टिपायचं. मग खोबरेल तेलाचं बोट. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही, वाळत घालायच्या दोरीला विचारा.

शेजारच्या काकूंनी भद्रकालीच्या बाजारातून डिकेमाली आणून दिली. हिरवट-तपकिरी डिंक, आणि वास असा की हिंग परवडला. सहाणेवर उगाळून हिरडीला लावायची. सोबत टाकणखाराची लाही मधातून चाटवायचा सल्लाही होता. त्यांची तिन्ही मुलं यावरच वाढली, आणि काकूंचा जीव आहे ठकीवर, तेव्हा तोंडावर नाही म्हणता येईना. पण मध वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचा नसतो. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो पोटात जाणं वाईटच. आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, त्यात वावडिंगाचं पाणीही बसतं. पुडी ठेवून घेतली, उघडली नाही.

यात फक्त आपल्या आज्याच चुकल्या असं कुणी म्हणू नये. इंग्लंडात दात येणाऱ्या बाळांना विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असे. मुलांचे हातपाय गुलाबी पडून सोलत, तो आजार त्या पुड्या बंद झाल्यावर जवळपास नाहीसा झाला. हिरडी बधिर करणाऱ्या बेंझोकेनच्या जेलबद्दलही अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं, दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते.

आता आमची चूक. एका बुधवारी ठकी कान ओढायला लागली, अंग तापलं. घरात सगळे एका सुरात म्हणाले, दातांमुळे. मीही. मी तर दुपारभर बोट धरून बसलो आणि ती बोटाला शिवेना. संध्याकाळी थर्मामीटर लावला, 101.5. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. कान आतून सुजला होता. आमचा अर्धा दिवस दातांच्या नावावर फुकट गेला.

ते म्हणाले, 100.4 च्या वर ताप असेल तर त्याला दात म्हणायचं नाही. जुलाब, उलट्या, खोकला, यांनाही नाही. गफलत का होते तेही सांगितलं. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहा महिन्यांच्या आसपास ओसरते, मूल दिसेल ते तोंडात घालू लागतं, आणि नेमके तेव्हाच दात येतात. आजार आणि दात एकाच दारानं आत शिरतात, आपण ओळखीच्या पाहुण्याचं नाव घेतो. पॅरासिटामॉल त्यांनी वजनावरून लिहून दिलं आणि मापाचं नळकांडं दाखवलं. आयुष्यभर हिशेब तपासल्यामुळे मी बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली. ड्रॉप्सच्या 1 मिलीत 100 मिलिग्रॅम, घरातल्या सिरपच्या 5 मिलीत 125. सिरपचं माप समजून कुणी 5 मिली ड्रॉप्स पाजले तर चौपट औषध पोटात गेलं. सिरपची बाटली मी त्याच दिवशी वरच्या फळीवर टाकली.

वाग्भटानं अष्टांगहृदयात या प्रकरणाला मोठी जागा दिली आहे. मोराला तुरा फुटताना आणि बाळाला दात येताना अंगाचा कुठलाच भाग दुखल्यावाचून राहत नाही, असं तो म्हणतो. दात हे सगळ्याच रोगांचं कारण, असंही म्हणतो, तिथे माझ्या मते तो आमच्या घरातल्या बुधवारसारखाच चुकला. पण दातांच्या दुखण्यांसाठी बाळाला फार छळू नका, दात आले की ती आपोआप शमतात, हेही त्याचंच म्हणणं. काकूंना मी तेवढंच वाचून दाखवलं.

दिवस निभतो, रात्री लक्ष वेधायला काही नसतं, म्हणून दुखणं मोठं होतं. तेव्हा ठकीला हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत पालथी घालून, गाल माझ्या तळव्यावर ठेवून, मी बाल्कनी ते दार अशा फेऱ्या घालतो. चावायला अंगठ्याचा उंचवटा मिळतो. पहाटे अडीचला नाशिकरोडकडून गाडीची शिट्टी येते, ठकी चावायची थांबून ऐकते. ती झोपली असं समजून बसलो की जागी होते.

साडेपाच महिन्यांच्या वयात, खालचा डावा दात आला. बोटाखाली रव्याची कणी लागावी तसा. वरचे दात आधी आले तर मामाला जड, हा समज आमच्याकडेही आहे, म्हणून बंगळुरूहून तिच्या मामाचा रोज फोन यायचा, "बाबा, खालचाच ना?" इंजिनिअर आहे. त्याला आधी कळवलं.

शेजारचा दात नऊ दिवसांनी आला. आणखी अठरा यायचे आहेत, ते अडीच-तीन वर्षांपर्यंत. डिकेमालीची पुडी मसाल्याच्या कपाटात तशीच आहे, आणि आमच्या जिऱ्याला तिचा वास लागला आहे.