बँकेतले इंग्रजी : किती आणि कोणते?

बँकेत नोकरी करू पाहणारा तरुण इंग्रजीच्या नावाने प्रथम दचकतो. तो व्याकरणाची जाडजूड पुस्तके आणतो, अवघड शब्दांच्या याद्या घोकतो आणि परीक्षा संपली की सारे विसरतो. आमचे म्हणणे असे की, बँकेला लागणारे इंग्रजी फार मोठे नाही. परंतु जेवढे आहे तेवढे अत्यंत काटेकोर आहे. काव्यात एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर रसिक माना डोलावतात. बँकेत निघाले तर कज्जा उभा राहतो.

दोन नावांच्या खात्याचेच पाहा. अर्जावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असे असले, तर दोघांपैकी कोणालाही खाते चालविता येते. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असे असले, तर पहिल्या नावाची व्यक्ती हयात असेपर्यंत तो अधिकार तिचा एकटीचा. दुसरीला तो तिच्या पश्चात मिळतो. फरक एका शब्दाचा. पण नवरा रुग्णालयात पडला असताना बायकोला पैसे काढता येतील की नाही, हे तो शब्द ठरवितो. अर्ज भरून घेताना कारकुनाने हे मराठीत समजावून दिले नसेल, तर त्याच्या सफाईदार इंग्रजीचा त्या बाईला काय उपयोग?

दुसरा शब्द ‘नॉट निगोशिएबल’. कोशात पाहाल तर वाटाघाटीचा काहीतरी अर्थ सापडेल आणि चेक दुसऱ्याला देताच येत नाही, असा समज होईल. १८८१ च्या कायद्यातला अर्थ निराळा आहे. हे शब्द लिहिलेला रेखांकित चेक दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. मात्र देणाऱ्याचा जेवढा हक्क, त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चेक चोरीचा निघाला, तर सचोटीने घेणाराही अडचणीत येतो.

नियमपत्रकांतील छोटे शब्दही असेच सांभाळावे लागतात. ‘शॅल’ म्हणजे तेथे भविष्यकाळ नव्हे, बंधन. ‘मे’ म्हणजे बहुधा मुभा. मुभेला बंधन समजणारा कारकून एखाद्या पेन्शनराला नसत्या दाखल्यासाठी उन्हातून परत पाठवितो. आकड्यांचेही तसेच. टेलिफोनवर ‘सिक्स्टीन’ आणि ‘सिक्स्टी’ यांचा घोटाळा सहज होतो. म्हणून रक्कम ऐकल्यावर एकेक अंक उच्चारून ती पडताळावी. परदेशी पत्रव्यवहारात एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे जिभेवर असावे. अक्षरी रक्कम व आकडा यांत तफावत पडली, तर त्याच कायद्याने अक्षरी रक्कम प्रमाण मानली आहे. तेव्हा स्पेलिंग ही केवळ शाळेतल्या मास्तरांची हौस नव्हे.

या साऱ्या कल्पना आपल्याला परक्या आहेत, असेही नाही. जमा आणि नावे हे शब्द आपल्या पेढ्यांच्या कीर्द-खतावणीत पूर्वीपासून नांदत आले. दाखविताच पैसे द्यावयाची ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी द्यावयाची ती मुदती. पतदार माणसाच्याच हाती पैसे पडावेत म्हणून शहाजोग हुंडी निघे. तिची तुलना रेखांकित चेकशी केली जाते. जाणता मुनीम मोडी लिपी जशी धंद्याचे हत्यार म्हणून शिके, तसेच हे इंग्रजी शिकावे.

मग ते शिकावे कसे? आमच्या मते साहित्य घरातच आहे. खाते उघडण्याचा अर्ज, पासबुक, कर्जाचा करारनामा आणि परत आलेल्या चेकबरोबरची चिठ्ठी, एवढे कागद समोर घ्यावेत. रोज एक परिच्छेद वाचावा, तो आपल्या आईला कळेल अशा मराठीत सांगावा, आणि मग त्याच मराठीवरून पुन्हा इंग्रजीत लिहावा. पत्र लिहिताना खाते, रक्कम, तारीख आणि मागणी या चार गोष्टी आल्या की पुरे; अलंकार नकोत.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ग्राहकाला चेक आपल्या प्रादेशिक भाषेत लिहिण्याची मोकळीक आहे. म्हणजे ग्राहकाने इंग्रजी शिकलेच पाहिजे, असे नाही; त्याच्या वतीने ते शिकण्याचे काम खिडकीमागच्या माणसाचे आहे. कागदावरचे इंग्रजी खिडकीपाशी मराठी होऊन बाहेर पडले, आणि सही करणाऱ्याला आपण कशावर सही करीत आहोत हे कळले, म्हणजे ती विद्या आली असे समजावे.