एका तबकडीची मागची बाजू

संगीताच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास ध्वनिमुद्रिकेसारखे दुसरे साधन नाही. गाणे कसे होते हे तीवरून प्रत्यक्ष कानांनी पडताळता येते. परंतु ते कोणी वाजविले, हे तबकडी स्वतः सांगत नाही. ते तिच्यावर चिकटविलेल्या चिठ्ठीने अथवा तिच्या वेष्टनाने सांगावयाचे असते, आणि पुष्कळदा ही दोन्ही मुकी असतात. या अडचणीचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून प्रस्तुत लेखात एका इंग्रजी गाण्याचे उदाहरण घेतले आहे. लिव्हरपूलच्या बीटल्स या चमूचे 'दि इनर लाइट' हे गाणे १५ मार्च १९६८ रोजी ब्रिटनमध्ये 'लेडी मॅडोना' या गाण्याच्या मागच्या बाजूस प्रसिद्ध झाले. त्यातील वाद्यसंगत मुंबईत, भारतीय वादकांकडून मुद्रित झालेली आहे.

१९६६ ते १९६८ हा ब्रिटिश लोकप्रिय संगीताचा 'सायकेडेलिक' कालखंड म्हणून ओळखला जातो. अमली द्रव्यांनी पालटणारी चित्तवृत्ती, पौर्वात्य अध्यात्म आणि ध्वनिमुद्रणातील नवे प्रयोग यांचे त्या काळी एक विलक्षण मिश्रण झाले होते. पुष्कळांनी सतारीचा उपयोग केवळ अलंकारासारखा केला. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांची वृत्ती निराळी होती. सप्टेंबर १९६६ मध्ये ते मुंबईस येऊन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकले. भारतीय धर्तीची तीन गाणी त्यांनी बीटल्ससाठी रचली : 'लव्ह यू टू' (१९६६), 'विदिन यू विदाउट यू' (१९६७) आणि 'दि इनर लाइट'. पहिली दोन लंडनमध्ये मुद्रित झाली. तिसऱ्याची वाद्यसंगत मात्र भारतात तयार झाली.

या गाण्याचे बीज एका पत्रात आहे. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकार आणि केंब्रिज येथील संस्कृतज्ञ हुआन मास्कारो यांनी १९६७ मध्ये हॅरिसन यांना आपला 'लॅम्प्स ऑफ फायर' हा संग्रह पाठविला आणि त्यातील 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथाच्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणास चाल लावावी असे सुचविले. दूर न भटकताही जगाचे ज्ञान होऊ शकते, हा त्या वचनांचा आशय. आपल्या संतवाङ्मयाशी परिचित असलेल्या वाचकास तो मुळीच परका वाटणार नाही. चिनी वचन, एका स्पॅनिश विद्वानाचा संग्रह, इंग्रज गायक आणि भारतीय वादक असा हा चौपदरी संयोग होय.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी मुंबईतील हिज मास्टर्स व्हॉइसच्या ध्वनिमुद्रणगृहात काम करीत होते. त्याच बैठकींत या गाण्याची वाद्यसंगत मुद्रित झाली. साधने तुटपुंजी होती. मुंबईत एकपट्टी यंत्रच उपलब्ध असल्याने कंपनीचे भास्कर मेनन यांनी दुपट्टी यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणविले, असे हॅरिसन यांनी पुढे सांगितले आहे. ध्वनिमुद्रणगृहात बाहेरचा आवाज पुरता अडत नसल्यामुळे रस्त्यावरील वाहनांचा गोंगाट आत येई. ही फीत पुढे लंडनला नेण्यात आली. तेथील ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहात ६ फेब्रुवारी रोजी हॅरिसन यांचा आवाज त्यावर चढविण्यात आला आणि ८ फेब्रुवारी रोजी शेवटच्या ओळींसाठी जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांची साथ जोडली गेली. एवढ्या उंच पट्टीत गाण्यास हॅरिसन कचरत होते. सहकाऱ्यांनी धीर दिल्यावर ते गायले.

गाणे अवघे अडीच मिनिटांहून किंचित अधिक आहे. त्याची रचना दोन गतींच्या आलटून-पालटून येण्यावर उभी आहे. आरंभीचा वाद्यखंड चपळ आणि ठसठशीत लयीचा. त्यानंतर गायन सुरू होताच वेग निवतो, बासरी व हार्मोनियम पुढे येतात आणि स्वर शांतपणे पसरतो. पाश्चात्त्य गीतात स्वरसंघांच्या पालटाने जी गती येते ती येथे जवळजवळ नाही; आधारस्वर स्थिर ठेवून त्यावर चाल फिरते. तथापि याला रागविस्तार म्हणता येणार नाही. ठराविक कडव्यांचे, आधी बांधून घेतलेले असे हे भावगीताच्या जातीचे गीत आहे.

स्वागताच्या दृष्टीने पाहता पुढच्या बाजूने मागच्या बाजूस झाकून टाकले. 'लेडी मॅडोना' ब्रिटनमधील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. 'दि इनर लाइट'ला अमेरिकेतील यादीत जेमतेम एक आठवडा, तोही शहाण्णवाव्या क्रमांकावर, स्थान मिळाले. बीटल्सच्या छोट्या तबकडीवर हॅरिसन यांची रचना येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. परंतु पुढे दहा वर्षे ती कोणत्याही मोठ्या ब्रिटिश तबकडीवर आली नाही. १९७८ मध्ये 'रॅरिटीज' या संग्रहात तिला जागा मिळाली. हॅरिसन यांच्या निधनानंतर २९ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या स्मृतिसभेत जेफ लिन व अनुष्का शंकर यांनी ती सादर केली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'लव्ह यू टू' ज्या तबकडीत आहे, त्या 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव छापलेले आहे. 'विदिन यू विदाउट यू'चे भारतीय वादक मात्र मूळ वेष्टनावर अनामिक राहिले; अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा आणि नटवर सोनी या नावांची निश्चिती होण्यास सुमारे पन्नास वर्षे लागली. 'दि इनर लाइट'च्या तबकडीवर तर एकाही वादकाचा उल्लेख नाही. त्याच मुंबईच्या बैठकींतून सिद्ध झालेल्या 'वंडरवॉल म्युझिक'च्या वेष्टनावर नामावली आहे, पण तेथेही शिवकुमार शर्मा यांचे आडनाव विद्रूप झालेले आहे. सनईवादक शरद व हनुमान यांचे आडनाव 'जदेव' असे छापले आहे. ते 'जाधव' असावे, असे कोणाही मराठी वाचकास वाटेल. याचा परिणाम असा की 'दि इनर लाइट'मधील सरोद आशिष खाँ यांचा, सनई हनुमान यांची आणि हार्मोनियम रिजराम देसाद यांचे, याविषयी अभ्यासकांचे सामान्यतः एकमत असले, तरी बासरीबाबत मतभेद आहे. कोणी हरिप्रसाद चौरसिया यांचे नाव घेतात, कोणी एस. आर. केंकरे यांचे. जगातील सर्वांत सूक्ष्म अभ्यास झालेल्या चमूच्या गाण्याविषयी ही स्थिती आहे!

येथे वादकांवर हेतुपुरस्सर अन्याय झाला असे म्हणण्याचे कारण नाही. मोबदला घेऊन वाजविणाऱ्याचे नाव न छापणे ही त्या व्यवसायाची सर्वत्र रूढ रीत होती. आपल्या चित्रपटगीतांचे वादकही तिला अपवाद नाहीत. परंतु अभ्यासकाने व्यवसायाची ही रीत आपली म्हणून स्वीकारावी काय?

अमरावती-अकोल्याकडील विद्यार्थ्यांस हा प्रश्न दूरचा नाही. खंजेरी भजनाचे मुद्रण करण्यासाठी आपण गावोगावी जातो तेव्हा मुख्य गायकाचे नाव टिपतो. खंजेरी, मृदंग वा टाळ धरणारे 'आणि मंडळी' या दोन शब्दांत आटोपतात. वरील उदाहरण सांगते की, ही दोन शब्दांची काटकसर पुढील पिढीस पन्नास वर्षांच्या शोधाचा भुर्दंड घालते. म्हणून प्रत्येक मुद्रणासोबत वादकाचे नाव त्याच्याच तोंडून ऐकून, त्याच्या लिपीत, वाद्य, स्थळ व दिनांक यांसह त्याच दिवशी नोंदवावे. फीत पुन्हा ऐकता येते; तीवर न नोंदलेले नाव पुन्हा ऐकू येत नाही.