शाळेतील सशाचा आहार

निसर्गाभ्यासाच्या निमित्ताने ज्या शाळांतून ससा पाळला जातो, तेथे त्याला उपासमारीपेक्षा मुलांच्या लाडाचेच भय अधिक असते. मधल्या सुटीत कोणी भाकरीचा तुकडा देतो, कोणी फुटाणे, कोणी बिस्किट. ससा ते आवडीने खातो, म्हणून ते त्याला मानवते असा मुलांचा समज होतो. तो समज शिक्षकांनी वेळीच दूर करणे अगत्याचे आहे. कारण पिष्टमय व गोड पदार्थांनी सशाचे पोट फुगते, आणि त्याला ओकारी करता येत नसल्याने पोटात गेलेले बाहेर टाकण्याचा मार्ग त्याला नसतो.

ससा हा मूळचा गवत खाणारा प्राणी होय. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात व ते गवत चघळण्यानेच झिजतात. गवतातील चोथ्यामुळे आतड्यांची हालचालही चालू राहते. म्हणून त्याच्या आहारात चार-पंचमांशाहून अधिक भाग सुक्या गवताचा असावा, व ते पिंजऱ्यात अष्टौप्रहर असावे. पवना किंवा मारवेल उत्तम. कुसळांचे गवत मात्र तोंडाला टोचते. बुरशीचा वास येणारी पेंढी सरळ फेकून द्यावी.

ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो हे पाहून मुले नाक मुरडतात. या लेंड्या कोरड्या, गोल लेंड्यांहून निराळ्या असतात. आतड्यातील सूक्ष्म जंतूंनी तयार केलेली प्रथिने व जीवनसत्त्वे त्यांत असतात आणि दुसऱ्यांदा पचनमार्गातून गेल्यावर ती सशाच्या अंगी लागतात. गाईच्या रवंथाचा पाठ चालू असता हे उदाहरण अवश्य द्यावे.

कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला रोज मूठभर, धुऊन द्यावा. पालक क्वचित. गाजर हे चित्रांतील सशाचे अन्न; खऱ्या सशाला त्याची बोटाएवढी फोड आठवड्यातून एक-दोनदा पुरे. लसूणघास वाढत्या पिलांना चालतो, परंतु त्यातील चुन्याचे प्रमाण मोठ्या सशाच्या मूत्रमार्गास बाधते. कांदा, लसूण, बटाटा, कण्हेर, धोतरा, घाणेरी ही पूर्ण वर्ज्य. कोवळ्या ज्वारीने गुरे दगावतात हे शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक असतेच. तीही सशाला घालू नये. फवारणी झालेल्या बांधावरचा चाराही नको.

दोन किलो वजनाच्या सशाला दिवसाकाठी सुमारे 200 मिलिलिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. पाणी उथळ पण जड भांड्यात ठेवावे, म्हणजे ते लवंडत नाही.

येथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. शेतात सापडलेले रानसशाचे पिलू मुले कौतुकाने शाळेत आणतात. रानससा ही पाळीव सशाहून वेगळी जात असून 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला पकडण्यास मनाई आहे. पिलू जेथे सापडले तेथेच ठेववावे. त्याची आई बहुधा सांजेला परत येते.

खरी अडचण सुट्यांची. शनिवारी दुपारी शाळा बंद झाली म्हणजे सोमवारपर्यंत सशाचे कोण पाहणार, हे ससा आणण्यापूर्वीच ठरवावे, आणि पाळीच्या तक्त्यात रविवारचेही नाव लिहावे. त्या मुलाने गवत-पाण्याबरोबर लेंड्याही पाहाव्यात. बारा तासांत सशाने काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.