शेडवर चढताय? हुक कुठे अडकवला ते बघा


पावसाआधी कामथडी भागात गोठ्याचे, शेडचे पत्रे बदलायचं काम निघतं. नुसता हार्नेस घातला म्हणजे झालं, असं नाही. हुक पायापाशी अडकवला तर हिशोब बघा: दोरी 6 फूट, झटका झेलणारी पट्टी उलगडून आणखी 5-6 फूट, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत 5 फूट. झाले 16-17 फूट. शेड 14 फुटांची असेल तर माणूस आधीच जमिनीवर!

म्हणून हुक वर आढ्याजवळ लोखंडी कैचीला, पन्हाळीला किंवा वाशाला नको. दोरी इतकी आखूड की कडेपर्यंत पोचताच येऊ नये. मांडीचे पट्टे अडचण होते म्हणून सैल सोडतात, ते आवळाच. सिमेंट पत्र्यावर पाय नको, फळी टाका.

एकट्याने चढू नका. लटकलेल्या माणसाला लगेच खाली घ्यावं लागतं, शिडी तयार हवी.