प्लेटलेट कमी नाहीत, पण…

मलेरिया आणि डेंग्यू या तापांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘प्लेटलेट’ हा शब्द घरोघरी पोचवला आहे. ताप चढला की रक्त तपासायचं, आकडा घसरला की घाबरायचं आणि कुणीतरी पपईच्या पानांचा रस सुचवायचा. प्लेटलेटचा धोका म्हणजे त्या कमी होणं, एवढंच आपल्या मनात बसलं आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात गोष्ट वेगळी असते. आकडा बहुधा हद्दीतच असतो, बिघडतो तो प्लेटलेटचा स्वभाव.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या या केंद्रक नसलेल्या कणांचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं. रक्तवाहिनी फाटली की तिथं धावून जायचं, एकमेकांना चिकटायचं आणि रक्तस्राव थांबवायचा, हे त्यांचं काम. एरवी त्यांनी शांत राहावं म्हणून रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही रसायनं सोडत असतं.

धूर हाच बंदोबस्त मोडतो. त्यातल्या ऑक्सिडीकारक रसायनांनी अस्तर दुखावतं आणि नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. निकोटिनमुळे ॲड्रिनलिन वाढतं, प्लेटलेटमधून थ्रॉम्बोक्सेन जास्त बाहेर पडतं, रक्तातलं फायब्रिनोजेनही वाढतं. मग जखम नसतानाही प्लेटलेट चिकटायला तयार असतात. १९७३ साली पीटर लिव्हाइन यांनी ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की एकच सिगारेट ओढल्यावरही प्लेटलेट जास्त जोमाने गोळा होतात. अशी गुठळी हृदयाच्या धमनीत अडकली तर हार्टअटॅक, मेंदूच्या धमनीत अडकली तर पक्षाघात.

“सिगारेट नव्हे, आपण साधी विडी ओढतो,” असं म्हणणाऱ्यांसाठी आलापल्लीच्या जंगलातलीच गोष्ट. उन्हाळ्यात इथं तेंदूपत्ता तोडला जातो, ७० पानांचं पुडकं बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेला जातो. अनेक कुटुंबांची वर्षाची रोकड त्यावर अवलंबून असते, आणि पेसा व वनहक्क कायद्यांमुळे कित्येक ग्रामसभा आता स्वतःच हा व्यवहार करतात. त्या मेहनतीचं मोल कमी नाही. पण विडी ज्यात वळतात त्या या पानातून हवा फारशी खेळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके लवकर लवकर आणि खोल घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात सिगारेटपेक्षा कमी जात नाहीत.

तंबाखूमुळे होणाऱ्या गुठळ्यांचं भेसूर रूप म्हणजे बर्जर रोग. लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. तंबाखूचं व्यसन असलेल्या, बहुधा पंचेचाळिशीच्या आतल्या पुरुषांच्या हातापायांतल्या लहान रक्तवाहिन्या सुजतात, गुठळ्यांनी बंद होतात. बोटं काळी पडतात, कधी कापावी लागतात. आपल्याकडे विडी ओढणाऱ्यांत तो वारंवार आढळतो. तंबाखू पूर्ण सोडणं हाच त्यावरचा खरा उपाय.

जिल्ह्यात विडीहून मोठं व्यसन खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं. त्यात धूर नसल्याने प्लेटलेटवरचा परिणाम कमी दिसतो. पण तोंडाचा कर्करोग काही टळत नाही. २०१६पासून इथं चाललेलं ‘मुक्तिपथ’ अभियान दारूबरोबर तंबाखूलाही हात घालतं, ते म्हणूनच.

“दिवसाला एकच ओढतो” हा युक्तिवादही टिकत नाही. २०१८ साली ‘बीएमजे’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार रोज २० सिगारेटींमुळे हृदयरोगाचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळपास निम्मा एका सिगारेटनेच येतो. कमी करून भागत नाही, सोडावीच लागते.

आणि सोडल्याचं फळ लवकर मिळतं. मगजातून रोज नव्या प्लेटलेट येतात. धूर थांबला की काही आठवड्यांतच त्यांचा चिकटपणा उतरू लागतो. वर्षभरात हृदयरोगाचा जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. रिपोर्टमधला आकडा बरोबर आहे म्हणून मात्र पुढची विडी पेटवू नका.