दिवसा ग्योझा, रात्री टेक्नो!

मैत्रिणींनो, जपानी ग्योझा तुम्ही खाल्ला नसेल, पण पाहताक्षणी ओळखाल. पातळ पारी, आत सारण, कडेला मुरड. आपली करंजीच म्हणा ना, फक्त तिखटामिठाची! टोकियोतल्या घरच्या खानावळीत सुमिको इवामुरो या बाईंनी सहा दशकं हेच काम केलं. पती गेले, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर बाई चक्क डीजेच्या शिकवणीला जाऊ लागल्या. आपल्याकडे शेजारणी काय काय बोलल्या असत्या, ते सांगायला नकोच.

डीजे म्हणजे नुसत्या तबकड्या लावणं नव्हे हं. एक तबकडी वाजत असताना दुसरी हेडफोननं ऐकायची, तिची लय पहिलीशी जुळवायची आणि सांधा कळू न देता पुढे सरकायचं. टेक्नोत शब्द जवळजवळ नसतातच. मिनिटाला १२० ते १४० ठोके, एकसारखे. जरा चूक झाली की नाचणाऱ्यांचे पाय अडखळलेच! बाईंचे वडील जॅझचे ड्रमवादक, त्यामुळे कान लहानपणापासून तयार. टेक्नोत त्या जॅझ, फ्रेंच गाणी, कार्टूनपटांचं संगीतसुद्धा बेमालूम मिसळत.

खानावळीचं काम आटोपून त्या काबुकिचो वस्तीतल्या क्लबात उभ्या राहत. वस्ती बदनामच, समोर नाचणारी पोरं नातवंडांच्या वयाची. १९४८ च्या कायद्यामुळे जपानी क्लबांत मध्यरात्रीनंतर नाचायलाच मनाई होती. ती सैल झाली २०१६ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, गिनीज बुकानं जगातली सर्वांत वयस्कर व्यावसायिक क्लब डीजे म्हणून नाव नोंदलं ते या बाईंचं. वय वर्षं ८३!