लास वेगासमधले स्टेकहाउस कसे निवडावे

लास वेगासच्या बहुतेक मोठ्या कॅसिनो-हॉटेलांत एक तरी महागडे स्टेकहाउस असते, काहींत दोन-तीनही असतात. स्टेकहाउस म्हणजे मुख्यतः बीफचे जाड काप तीव्र आचेवर भाजून वाढणारे रेस्टॉरंट. या शहरात ते शोधावे लागत नाही. अडचण येते ती दरातला फरक समजून घेताना. एकाच रस्त्यावर एका ठिकाणी साठ डॉलरचा स्टेक मिळतो आणि पलीकडच्या दारात त्याच्या दुप्पट-तिप्पट भावाचा. हा फरक कधी मांसामुळे पडतो, कधी दारावरच्या नावामुळे, तर कधी खिडकीतून दिसणाऱ्या कारंज्यामुळे. पैसे नेमके कशाचे द्यायचे हे आधी ठरवले की निवड बरीच सोपी होते.

या शहराचे आणि स्टेकचे नाते जुने आहे. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. पुढे ज्या रस्त्याला ‘स्ट्रिप’ म्हणू लागले, त्याच्यावरचे पहिले कॅसिनो-हॉटेल ‘एल रँचो वेगास’ १९४१ मध्ये सुरू झाले. नावापासून सजावटीपर्यंत त्याचा सारा थाट पश्चिम अमेरिकेतल्या गुराख्यांच्या वसाहतीचा होता, आणि त्या थाटाला शोभणारे जेवण म्हणजे स्टेक. कमाई जुगाराची, जेवण त्यासाठीचे आमिष, असा मालकांचा हिशेब अनेक दशके चालला. सामान्य गिऱ्हाइकासाठी स्वस्त बुफे असे, मोठा डाव लावणाऱ्यासाठी मंद उजेडाची, लाल गाद्यांची, बेताची टेबले असलेली खोली असे. त्या खोलीने नफा दिला नाही तरी कोणाची तक्रार नसे.

त्या काळाची चव अजून ‘गोल्डन स्टीअर’मध्ये मिळते. १९५८ मध्ये सुरू झालेले हे स्टेकहाउस कॅसिनोच्या आत नाही. स्ट्रिपपासून जवळच, सहारा अव्हेन्यूवरच्या दुकानांच्या एका साध्या रांगेत ते आहे. फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनिअर हे गायक-कलावंत इथे नेमाने येत, आणि त्यांची नावे आजही त्यांच्या बैठकांना आहेत. सीझर सॅलड इथे टेबलाशेजारी बनवतात. लाकडी वाडग्यात लसूण आणि खारवलेली अँकोव्ही मासळी घोटायची, त्यात अंडे, तेल आणि लिंबू फेटायचे, मग पाने आणि चीज घालून हलक्या हाताने उलटसुलट करायची. सगळे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होते, आणि वाढपी बोलता बोलता हात चालवत असतो. केवळ शाकाहारी खाणाऱ्याने या सॅलडमधली मासळी ध्यानात ठेवावी. पानांच्या ढिगात ती दिसत नाही.

१९९२ मध्ये वुल्फगँग पक या शेफने सीझर्स पॅलेसच्या फोरम शॉप्समध्ये ‘स्पागो’ उघडले आणि चित्र पालटले. ते स्टेकहाउस नव्हते, पण नामवंत शेफच्या नावावर लोक वेगासला येऊन पूर्ण किंमत मोजतात हे त्याने दाखवून दिले. पुढे १९९८ मध्ये बेलाजिओ हॉटेल उघडले तेव्हा त्यात जाँ-जॉर्ज वॉनगेरिश्टेनचे ‘प्राइम’ होते. १९९९ मध्ये व्हेनेशियनमध्ये एमरिल लगासीचे ‘डेलमॉनिको’ आले, आणि २००८ मध्ये पलाझोमध्ये खुद्द पकचे ‘कट’. २०२३ मध्ये तर ब्रुकलिनचे, १८८७ पासूनचे, ‘पीटर लुगर’ही सीझर्स पॅलेसमध्ये दाखल झाले. ज्याचे नाव दारावर आहे तो शेफ रोज चुलीपाशी उभा असेल, ही अपेक्षा मात्र धरू नये. अनेक ठिकाणी तो पदार्थ आणि पद्धत ठरवून देतो, रोजचे स्वयंपाकघर दुसराच मुख्य स्वयंपाकी सांभाळतो. यात फसवणूक काही नाही, पण नावापेक्षा त्या स्वयंपाकघराची ताजी ख्याती विचारणे अधिक उपयोगाचे.

मग पाहायचे ते मांस. अमेरिकेच्या कृषी खात्याकडून बीफला प्रत दिली जाते. ती घेणे ऐच्छिक असून तिचे शुल्क मांस-कंपनी भरते. वरच्या तीन प्रती अशा: ‘प्राइम’, ‘चॉइस’ आणि ‘सिलेक्ट’. प्रत ठरवताना जनावराचे वय आणि बाराव्या-तेराव्या बरगडीमधल्या छेदात स्नायूत चरबी किती पसरली आहे हे बघतात. संगमरवरातल्या रेघांसारखी दिसणारी ही चरबी म्हणजे ‘मार्बलिंग’. आचेवर ती वितळते आणि मांस मऊ, रसाळ ठेवते. शेवटचे काही महिने मक्यावर पोसलेल्या जनावरात ती भरपूर असते, केवळ गवतावर वाढलेल्यात कमी. उंची स्टेकहाउसमध्ये ‘प्राइम’ प्रत अपेक्षित असते, तरी मेनूत तसे लिहिले आहे का हे बघावे. दोन शब्दांनी नेहमी गल्लत होते. ‘प्राइम रिब’ हे बरगडीच्या भागाच्या भाजलेल्या मोठ्या तुकड्याचे नाव आहे. तो ‘प्राइम’ प्रतीचा असेलच असे नाही. ‘अँगस’ ही गुरांची जात आहे, प्रत नव्हे.

जपानी मांसाच्या बाबतीत तर डोळे उघडे ठेवावेच लागतात. ‘वाग्यू’ म्हणजे जपानी गुरांच्या काही जाती. ‘ए-५’ ही जपानची सर्वोच्च प्रत असून त्यातले ‘ए’ हे अक्षर जनावरापासून मिळणाऱ्या मांसाच्या प्रमाणाचे, तर ५ हा अंक दर्जाचा. ‘कोबे’ हे नाव फक्त ह्योगो प्रांतातल्या ताजिमा वंशाच्या, ठरावीक कसोट्या पार केलेल्या जनावरांच्या मांसाला लावता येते. अमेरिकेत त्याची आयात २०१२ मध्ये सुरू झाली आणि मोजक्याच रेस्टॉरंटांना ते मिळते. विन हॉटेलमधले ‘एसडब्ल्यू’ त्यांपैकी एक. नुसते ‘वाग्यू’ किंवा ‘अमेरिकन वाग्यू’ लिहिले असेल तर ते बहुधा संकरित गुरांचे असते. चवीला चांगले असले तरी त्याला ए-५चा भाव देण्याचे कारण नाही. खरे ए-५ औंसावर विकतात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, आणि किमान किती औंस घ्यावे लागतील हे मेनूत बारीक अक्षरांत असते. हे मांस इतके स्निग्ध असते की माणशी तीन-चार औंस पुरतात. एकट्याने मोठा तुकडा मागवला तर अर्ध्यातच जीभ थकते.

मांस मुरवण्याच्या पद्धतीनेही चव आणि किंमत ठरते. लोणचे मुरते तसे बीफही मुरते. ‘ड्राय एजिंग’मध्ये मोठे तुकडे गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला, वाऱ्याचा झोत असलेल्या खोलीत तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त ठेवतात. मांसातली विकरे तंतू सैल करतात, पाणी उडते, चव दाटते. तिला सुक्या मेव्याचा, जुन्या चीजचा वास येतो. बाहेरचा कडक, काळवंडलेला थर कापून टाकावा लागतो, म्हणजे वजन दोनदा घटते. त्याची भरपाई बिलात होते. ‘वेट एजिंग’मध्ये मांस हवाबंद पिशवीत राहते. ते मऊ होते, पण ही दाट चव येत नाही. किती दिवस मुरवले, आणि कोरडे की पिशवीत, हे वाढप्याला खुशाल विचारावे. चांगल्या ठिकाणी उत्तर ताबडतोब मिळते.

यासाठी दिमाखदार हॉटेलच हवे असे नाही. ‘सर्कस सर्कस’ हे १९६८ पासूनचे, लेकुरवाळ्या कुटुंबांचे, स्ट्रिपवरच्या स्वस्त कॅसिनोंत मोडणारे ठिकाण. तिथल्या ‘द स्टेक हाउस’मध्ये काचेआड मुरत ठेवलेले मांसाचे तुकडे दिसतात आणि मेस्किट लाकडाच्या कोळशावर समोरच भाजले जाते. मांसावर प्रेम असणाऱ्याने अशा जागेला संगमरवरी खांबांच्या जागेपेक्षा वरचे स्थान द्यावे.

कोणता काप घ्यावा हे खाणाऱ्याच्या आवडीवर आहे. ‘फिले’ सर्वांत मऊ, पण चवीला सौम्य. ‘न्यू यॉर्क स्ट्रिप’ जरा चिवट, पण चव भरघोस. ‘रिबआय’मध्ये चरबी जास्त, आणि त्याच्या कडेची कमानीसारखी पट्टी हा साऱ्या जनावरातला बहुधा सर्वांत चविष्ट घास. ‘पोर्टरहाउस’मध्ये हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला फिले येते, म्हणून दोघांत वाटून घ्यायला ते उत्तम. लांबलचक बरगडी ठेवलेला ‘टॉमाहॉक’ म्हणजे रिबआयच, पण वजनात ते हाडही धरलेले असते. मेनूतले वजन नेहमी कच्च्या मांसाचे असते.

भाजण्याचे प्रमाण सांगताना भारतीय माणूस अडखळतो. ‘मीडियम रेअर’ म्हणजे आत सुमारे ५४ ते ५७ अंश सेल्सिअस, मधोमध लालसर. ताटात उतरणारा लाल रस म्हणजे रक्त नव्हे. ते स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचे पाणी असते. पहिल्यांदा खाणाऱ्याने ‘मीडियम’ सांगावे, लाली बेताची राहते. पूर्ण भाजलेलेच हवे असेल तर फिले टाळून रिबआय घ्यावे, कारण त्यातली चरबी मांस कोरडे पडू देत नाही.

बिलाचा अंदाज मेनूवरून येत नाही. स्टेकच्या भावात नुसता स्टेक मिळतो. बटाटा, पालक, अळंबी यांचे पैसे वेगळे, सॉसचेही कुठे कुठे वेगळे. दोघांनी ८० डॉलरचे दोन स्टेक, १८ डॉलरच्या दोन भाज्या आणि २२ डॉलरचे एक सॅलड घेतले तर २१८ डॉलर झाले. त्यावर क्लार्क काउंटीचा ८.३७५ टक्के विक्रीकर, आणि २० टक्के टीप. एकूण सुमारे २८० डॉलर, तेही वाइनचा थेंब न घेता. टीपच्या भरवशावर किमान वेतन कापण्याची मुभा नेवाडात मालकांना नाही, तरीही १८ ते २० टक्क्यांचा रिवाज तिथे पक्का आहे. मोठ्या गटाच्या बिलात टीप आधीच धरलेली असते. ती पाहूनच वर काही ठेवावे.

कॅसिनोकडून ‘फुकट’ मिळणाऱ्या जेवणाचा, म्हणजे ‘कॉम्प’चा, हिशेबही समजून घ्यायला हवा. जुगाऱ्याच्या कार्डावर त्याचा सरासरी डाव, वेळ आणि खेळ यांची नोंद होते. त्यावरून तो साधारण किती हरेल हे कॅसिनो काढते आणि त्यातला काही भाग खोली-जेवणाच्या रूपाने परत देते. अमेरिकी रूलेटमध्ये कॅसिनोचा वाटा ५.२६ टक्के असतो. २५ डॉलरचा डाव, तासाला ४० फेऱ्या, असे चार तास खेळले तर ४,००० डॉलर फिरतात आणि अपेक्षित तोटा सुमारे २१० डॉलर निघतो. त्या तोट्याचा एक हिस्सा म्हणजे ते जेवण. स्टेक फुकट मिळावा म्हणून टेबलावर बसणाऱ्याला तो मेनूतल्या भावापेक्षा महागच पडतो.

मराठी पाहुण्यांत बीफ न खाणारे बरेच असतात, आणि कंपनीच्या कामाने किंवा जानेवारीतल्या तंत्रज्ञान-प्रदर्शनासाठी वेगासला गेल्यावर सहकाऱ्यांबरोबर स्टेकहाउसमध्ये बसण्याची वेळ येतेच. बहुतेक ठिकाणी मासे, लॉब्स्टर, कोंबडी आणि कोकराच्या चापा मिळतात. शाकाहाऱ्याने भाज्यांवर जेवायचे ठरवले तर चार गोष्टी विचाराव्यात: पालकात बेकन आहे का, बटाट्याच्या लगद्यात किंवा सूपमध्ये मांसाचे पाणी घातले आहे का, फ्राइज गुरांच्या चरबीत तळतात का, आणि भाज्या मांसाच्याच जाळीवर भाजतात का. टेबल राखतानाच हे सांगून ठेवले तर स्वयंपाकघर वेगळे ताट करून देते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे बीफ खाणाऱ्याच्या ओळखीचे मांस म्हशी-रेड्याचे असते. अमेरिकी स्टेक कोवळ्या, मक्यावर पोसलेल्या जनावराचा असल्याने त्याला तो बराच वेगळा लागतो.

बहुतेक उंची स्टेकहाउस संध्याकाळी पाचच्या सुमारास उघडतात. दुपारी बंदच असतात. शुक्रवार-शनिवारी आणि मोठ्या प्रदर्शनांच्या आठवड्यात सात-आठची वेळ मिळणे कठीण. आठचा खेळ पाहायचा असेल तर साडेपाचचे टेबल घ्यावे, कारण नीट जेवायला दोन तास लागतात आणि एका हॉटेलातून शेजारच्यात चालत जायलाही पंधरा-वीस मिनिटे मोडतात. अर्धी विजार आणि बिनबाह्यांचा सदरा अनेक ठिकाणी चालत नाही. मुले बरोबर असतील तर वयाची अट विचारून घ्यावी. २१ वर्षांखालच्यांना जुगाराच्या दालनातून मोठ्यांबरोबर ये-जा करता येते, तिथे रेंगाळता येत नाही. एकट्यादुकट्याला टेबल मिळाले नाही तर बारच्या कट्ट्यावर बसावे. तिथे आधी जागा राखावी लागत नाही, आणि अनेक ठिकाणी पूर्ण मेनू तिथेच वाढतात.